एसीच्या पट्ट्यांनी मान टाकली तेव्हा

आमच्या गाडीतला मधला एसी व्हेंट मान टाकायचा. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. पट्ट्या वर करून ठेवाव्यात, थंड हवा तोंडावर यायला लागावी, जरा बरं वाटावं, तोवर एखादा गतिरोधक यायचा आणि खट्! सगळ्या पट्ट्या एकदम खाली. हवा गिअरच्या दांड्यावर. पुन्हा बोटाने वर करा, पुन्हा गतिरोधक, पुन्हा खट्. पंखा चारवर टाकला तर गतिरोधकाचीही गरज नसायची. आतून येणाऱ्या हवेच्या रेट्यानेच त्या लोळण घ्यायच्या.

बाबा शेजारच्या सीटवर असले की त्यांना हे बघवायचं नाही. एके दिवशी त्यांनी खिशातून कसलीशी पावती काढली, तिच्या चार घड्या घातल्या आणि सगळ्यात खालच्या पट्टीखाली खोचली. पट्ट्या जागेवर राहिल्या. "तात्पुरतं आहे हं," ते म्हणाले.

ते तात्पुरतं अकरा महिने चाललं. पावत्या बदलत गेल्या. कधी जाड कागद, कधी औषधाच्या खोक्याचा तुकडा. मधूनच एखादी घडी आत सरकून दिसेनाशी व्हायची, मग बाबा दुसरी करायचे. याच सुमारास पंखा तीनच्या पुढे नेला की डॅशबोर्डच्या पोटातून फडफड असा आवाज यायला लागला. मला वाटलं, पंख्यात झाडाचं पान अडकलं असेल. हे दोन प्रकार एकमेकांशी जोडायला मला फार वेळ लागला, याची आता लाज वाटते.

उन्हाळ्यात मी पुढचं पाऊल टाकलं. कागद दिसायला वाईट दिसतो म्हणून कडेच्या पट्टीला आतून काळी इन्सुलेशन टेप लावली. आठवडाभरात टेपचा डिंक पातळ होऊन बाहेर आला. टेप जागची सरकली आणि मागे जो काळा चिकट लेप राहिला त्यावर गाडीतली सगळी धूळ आणि केस येऊन बसले. तो लेप खोबरेल तेलाच्या कापडाने पुसावा लागला. उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज जातो. साधी टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, स्टिकर, यांची त्या तापमानात काय अवस्था होणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

गॅरेजमध्येही एकदा दाखवलं. त्यांनी बोटाने पट्टी वर केली, सोडली, ती पडली. "ताई, हे सुटं मिळत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागेल." मी मान हलवून निघून आले. एका सैल पट्टीसाठी अख्खा व्हेंट बदलायचा हे काही मनाला पटेना.

आणि हा दोष आला कुठून? तर माझ्यामुळे, हेही कबूल करून टाकते. दोन वर्षं मी त्याच व्हेंटच्या पट्टीला मोबाइलचा होल्डर चिमट्यासारखा अडकवला होता. फोन दोनशे ग्रॅमचा, त्यात होल्डरचं वजन, आणि ते सगळं पट्टीपासून बोटभर पुढे लोंबकळणारं. प्रत्येक खड्ड्यात ते वजन पट्टीला खाली हिसका द्यायचं. पट्टीची खुंटी पेन्सिलीच्या शिसापेक्षा थोडी जाड. भर उन्हात मऊ पडलेल्या प्लास्टिकच्या भोकात ती रोज शेकडो वेळा हिसडली जात होती. ती सैल होणार नाही तर काय होणार?

आत आहे तरी काय

रात्री टॉर्च घेऊन बसले. समोरून बघितलं तर व्हेंटला पट्ट्यांचे दोन थर असतात. पुढच्या आडव्या पट्ट्या हवा वर-खाली वळवतात, मागच्या उभ्या पट्ट्या डावी-उजवीकडे. आमच्या व्हेंटमध्ये आडव्या पट्ट्या पाच. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना एक-एक खुंटी आणि ती चौकटीच्या भोकात बसलेली; दाराच्या बिजागरीसारखंच. मधल्या पट्टीवर बोटाने सरकवायचा खटका असतो. त्याला मागे बेचकी असते आणि ती उभ्या पट्टीला पकडून डावी-उजवीकडे फिरवते.

आता गंमत अशी की पाच पट्ट्या एकदम कशा हलतात? एका बाजूला, चौकटीच्या आड, एक पातळ प्लास्टिकची दांडी असते. प्रत्येक पट्टीला कडेला अजून एक बारकी खुंटी असते आणि ती या दांडीच्या भोकात अडकवलेली असते. एक पट्टी हलली की दांडी हलते, दांडी हलली की बाकीच्या चारही. हे नीट लक्षात ठेवा; मी ठेवलं नाही आणि नंतर दोन तास वाया घालवले.

म्हणजे पट्ट्यांना वर धरून ठेवणारं स्प्रिंग वगैरे काही नसतंच. धरून ठेवतं ते फक्त घर्षण. खुंटी भोकात किती घट्ट बसली आहे, एवढ्यावर सगळा कारभार. काही गाड्यांत त्यासाठी एखाद्या खुंटीवर मऊ रबरी बुशसारखं काही घातलेलं असतं. आमच्या गाडीतही मधल्या पट्टीच्या डाव्या खुंटीवर तसं काहीतरी असावं, कारण तिथे मला वाळून तडकलेला एक काळा कण सापडला. बोट लागताच त्याचा भुगा झाला.

मोडलेलं काही नव्हतं. फक्त फट वाढली होती. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी लगेच सगळ्यात चुकीची गोष्ट केली.

गोंदाचा दिवस

घरात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब असतेच. मी विचार केला, खुंटीवर अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावायचा, तो वाळेपर्यंत पट्टी हलवत राहायची, म्हणजे खुंटी किंचित जाड होईल आणि भोकात दाटून बसेल. विचार वाईट नव्हता. फक्त हे काम खुंटी बाहेर काढून, गोंद पूर्ण वाळवून, मग परत बसवून करायला हवं होतं. मी जागेवरच केलं. दातकोरणीच्या टोकावर थेंब घेतला आणि खुंटीला टेकवला. हा गोंद पाण्यासारखा पातळ असतो आणि जिथे बारीक फट दिसेल तिथे आपणहून ओढला जातो. थेंब माझ्या डोळ्यांदेखत भोकात शिरला. मी पट्टी हलवायला बोट नेईपर्यंत ती बसली होती. छताकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडली तर खुंटीच्या आजूबाजूला काळ्या चौकटीवर पांढरी साय आलेली. या गोंदाची वाफ आजूबाजूच्या पृष्ठभागावर बसून अशी पांढरी बुरशीसारखी दिसते. बंद जागेत तर जास्तच.

आता व्हेंट मान टाकत नव्हता हे खरं, पण तो मानही वळवत नव्हता. थंड हवा सरळ छतावर. मी खटका धरून जरा जोर लावला. कट् असा अगदी हलका आवाज आला. गाडीत इतर वेळी ऐकूही आला नसता, पण मला तो पोटात ऐकू आला. मधली पट्टी मोकळी झाली, आणि बाकीच्या चार तिच्याबरोबर हलेनात. दांडीत अडकणारी बारकी खुंटी तुटली होती.

बाबांनी बघितलं. काही बोलले नाहीत. खिशातून पावती काढायला मात्र हात गेला होता.

पांढरी साय घालवायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरावा असं डोक्यात आलं, कारण त्यातलं अॅसिटोन हा गोंद विरघळवतं. नशीब की आधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा कडेवर कापसाने एक थेंब लावून बघितला. प्लास्टिक मऊ आणि चिकट झालं, बोटाचा ठसा उमटला आणि वाळल्यावर तिथे मळकट डाग राहिला. डॅशबोर्डच्या भागांना बऱ्याचदा एबीएस हे प्लास्टिक वापरतात आणि अॅसिटोन ते सरळ विरघळवतं. समोरून लावलं असतं तर आयुष्यभर तो डाग बघत गाडी चालवली असती. साय शेवटी जुन्या मऊ टूथब्रशने आणि थोड्या तेलाने बरीचशी गेली.

व्हेंट बाहेर काढणं

आता तो काढण्यावाचून इलाज नव्हता. कडेचे, दाराजवळचे व्हेंट बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर असतात. मधले व्हेंट बऱ्याचदा म्युझिक सिस्टिमच्या भोवतीच्या मोठ्या चौकटीचा भाग असतात आणि त्यात धोक्याच्या दिव्याचं बटणही असतं. आमचं तसंच होतं.

काढण्याबद्दल दोन गोष्टी मी अगदी कडकपणे पाळल्या. पहिली, थंडीत हे काम करायचं नाही. गार प्लास्टिक ठिसूळ असतं, क्लिपा पटापट तुटतात. मी दुपारी, गाडी उन्हात तासभर उभी राहिल्यावर, पण डॅशबोर्डला हात लावता येईल इतपत निवल्यावर काम सुरू केलं. दुसरी गोष्ट एअरबॅगची. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डमध्येच एअरबॅग असते, तिच्या झाकणाच्या आसपास काहीही खुपसायचं नाही. एअरबॅगच्या वायरींचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. पिवळं दिसलं की हात मागे. किल्ली काढून ठेवली होतीच.

लोखंडी पेचकस वापरला नाही. जुनं प्लास्टिकचं कार्ड, त्याला एका टोकाला कात्रीने निमुळतं केलं, आणि आजूबाजूला रंगकामाला वापरतात ती कागदी टेप लावली. कार्ड फटीत सरकवून थोडं उचललं, आणखी एक कार्ड शेजारी, मग दोन्ही हातांची बोटं. पहिली क्लिप सुटताना जो टपकन आवाज होतो त्याने छातीत धस्स होतं. मला वाटलं, झालं, मोडलं! पण तो क्लिप सुटण्याचाच आवाज असतो. मोडण्याचा आवाज वेगळा, कोरडा असतो. तो मी आदल्या दिवशीच ऐकला होता. एका कोपऱ्यात चौकट अडली, तेव्हा ओढायचं थांबवून टॉर्च मारली. वरच्या बाजूला एका छोट्या झाकणामागे एक स्क्रू होता. अडलं की जोर लावायचा नाही, स्क्रू शोधायचा.

चौकट सुटली. धोक्याच्या दिव्याच्या बटणाचं कनेक्टर दाबून काढलं. व्हेंट मागून चार स्क्रूंनी धरलेला होता, तो हातात आला. आणि जिथे तो होता त्या चौकोनी भोकात टॉर्च मारली तर आत तीन घडी घातलेल्या पावत्या, एक औषधाच्या खोक्याचा तुकडा. एक पावती वळणावर अशी अडकली होती की तिचं एक टोक हवेत मोकळं होतं. फडफड तिचीच. लांब चिमट्याने सगळ्या काढल्या. बाबांनी एक उलगडून बघितली आणि म्हणाले, "अगं, ही मी किती शोधली होती."

खुंटीचं ऑपरेशन

टेबलावर जुना पांढरा टॉवेल अंथरला. पांढरा अशासाठी की त्यावर काळे भाग दिसतात आणि घरंगळत नाहीत. आधी फोटो काढले, चारही बाजूंनी. मग मागची दांडी सोडवली. ती प्रत्येक खुंटीवरून नखाने हलकेच उचलली की निघते. पट्टी काढायची युक्ती अशी की तिला मधोमध अंगठ्याने किंचित बाक द्यायचा. बाक दिला की तिची लांबी केसभर कमी होते आणि एका टोकाची खुंटी भोकातून बाहेर येते. गोंद लागलेली पट्टी या बाकानेच सुटली. गोंद तडकून त्याचे काचेसारखे तुकडे पडले. पट्टीवर त्याचा मागमूसही नव्हता.

इथे मला कोडं उलगडलं. चौकट एका प्लास्टिकची होती आणि पट्ट्या दुसऱ्याच. किंचित मेणचट, बोटाला घसरणाऱ्या. फिरणाऱ्या भागांना असंच गुळगुळीत प्लास्टिक वापरतात, म्हणजे ते कुरकुरत नाहीत. पण त्यावर कुठलाच गोंद नीट धरत नाही. परवाचा गोंद चिकटला नव्हताच, भोकात पाचरीसारखा बसला होता. म्हणजे तुटलेली बारकी खुंटी चिकटवून जोडणं हा विषयच संपला.

मग कागदांना लावायची तारेची क्लिप घेतली. तिची तार साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, तुटलेली खुंटीही तेवढीच. तार सरळ करून सुमारे आठ मिलिमीटरचा तुकडा कापला, पकडीत धरला, मेणबत्तीवर गरम केला आणि तुटलेल्या खुंटीच्या जागी टेकवला. तार लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. तिच्याभोवती वितळलेल्या प्लास्टिकची छोटी कडी उठली आणि गार होताना तिने तार आवळून धरली. चिकटवलेलं काही नाही, नुसती गाडलेली तार.

हे जितकं सोपं लिहिलंय तितकं झालं नाही. पहिल्यांदा तार जास्त तापली आणि असा तिखट वास आला की डोळ्यांतून पाणी आलं. ताबडतोब बाहेर गेले, खिडक्या उघडल्या, पुढचं सगळं काम उघड्यावर केलं. हे प्लास्टिक जाळू नका. तार लाल व्हायची गरजच नाही, ज्योतीच्या कडेला चार-पाच सेकंद पुरतात. शिवाय पहिली तार तिरकी गेली. ती गरम असतानाच ओढून काढली, भोक थोडं मोठं झालं. दुसऱ्या वेळी शेजारची न तुटलेली पट्टी बाजूला ठेवून, तिच्या खुंटीशी कोन जुळवत, श्वास रोखून घातली. बाहेर दोन मिलिमीटर तार ठेवली आणि टोक नखाच्या कानशीने गोल केलं.

किती गुंडाळायचं

आता मूळ दुखणं. खुंटी जाड करायची. आधी नेलपॉलिशचे तीन हात दिले, प्रत्येक वाळवून. छान दिसलं. भोकात घालून चार वेळा फिरवली तर नेलपॉलिश माशाच्या खवल्यांसारखं सुटून आलं. पुन्हा तेच, मेणचट प्लास्टिक.

उष्णतेने आक्रसणारी वायरची नळी घालून बघितली. ती जाड होती. खुंटी भोकात जाईना. ज्यांच्या व्हेंटची भोकं खूपच झिजून मोठी झाली असतील त्यांना मात्र हा उपाय चालावा.

मग नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. बाबांची सूचना, त्यांना श्रेय देते. आधी मी हसले होते. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरचं ते. घर्षण वाढवायचंय आणि आपण जगातला एक अत्यंत घसरडा पदार्थ लावतोय? पण ते घर्षण वाढवत नाही, फट भरतं. दाबलं की दबतं, दबून कडांना टेकतं, आणि टेकल्यावर फिरताना एकसारखा, गुळगुळीत विरोध करतं; कागदासारखा कचकच नाही. त्यात डिंक नसल्यामुळे उन्हात वितळायचाही प्रश्न नाही. आणि ती चिकटत नसूनही स्वतःभोवती घट्ट बसते. या घसरड्या प्लास्टिकला असंच काहीतरी हवं होतं.

अडचण कापण्याची. टेप १२ मिलिमीटर रुंद, खुंटी जेमतेम तीन मिलिमीटर लांब. कात्री लावली की टेप ताणली जाऊन तिचा दोरा होतो. युक्ती अशी: टेपचा वीतभर तुकडा दोन कागदांच्या मध्ये सपाट ठेवायचा आणि कागदांसकट कापायचा. मग व्यवस्थित तीन मिलिमीटरच्या पट्ट्या निघतात. एक टोक खुंटीवर नखाने दाबायचं, जरासं ताणून गुंडाळायचं आणि शेवटी टोक ओढून तोडायचं; तुटलेलं विरळ टोक आपोआप बसतं.

बाबा म्हणाले, "घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळ. नळाला तसंच करतात."

"बाबा, नळ एकाच दिशेने आवळतो. ही पट्टी दोन्हीकडे फिरते."

"तरी पण."

मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळलं.

पहिल्या फेरीत उत्साहाच्या भरात पाचही पट्ट्यांच्या दहाही खुंट्यांवर पाच-पाच वेढे दिले. साधी टेप सुमारे ०.०७५ मिलिमीटर जाड असते. पाच वेढे म्हणजे खुंटीची जाडी पाऊण मिलिमीटरने वाढली. ताणल्याने आणि दबल्याने त्यातलं बरंच कमी होतं, तरी खुंट्या भोकात दाबूनच घालाव्या लागल्या. सगळं जोडलं, दांडी लावली, आणि खटका वर केला तर पट्टीच वाकायला लागली. माझी नवी तार मोडते की काय असं वाटलं. इथे मला ती दांडी आठवली. पाचही पट्ट्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. मग एक धरली की पाचही धरल्या जाणार. घर्षण दहा ठिकाणी वाढवायची गरजच काय?

सगळं परत उलगडलं. दोन तास गेले. आठ खुंट्या मोकळ्या केल्या. फक्त मधल्या आणि सगळ्यात खालच्या पट्टीच्या, दांडी नसलेल्या बाजूच्या खुंटीवर टेप ठेवली. आधी दोन वेढे. व्हेंट हातात उभा धरून तळव्यावर आपटला तर पट्ट्या हळूहळू खाली आल्या. तीन वेढे, आपटलं, हलल्या नाहीत. बोटाने मात्र लोण्यासारख्या फिरल्या. चौथा वेढा देऊन बघायचा मोह झाला होता, आवरला.

परत बसवण्याआधी एक गोष्ट बरी सुचली. व्हेंट नुसता त्या चौकोनी भोकावर हाताने दाबून धरला आणि बाबांना गाडी चालू करून पंखा पूर्ण सोडायला सांगितलं. पट्ट्या वर केल्या. हवा माझ्या हनुवटीवर येत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. फडफडही नाही.

मग स्क्रू, क्लिपा, चौकट, सगळं टपटप बसलं. मी आनंदाने टॉवेल झटकला आणि लक्षात आलं की धोक्याच्या दिव्याचं कनेक्टर आत लावायचं राहिलंय. पुन्हा कार्डं, पुन्हा तो स्क्रू. दुसऱ्या वेळी मात्र धस्स झालं नाही. बटण दाबून चारही दिवे लुकलुकताना बघितले, मगच शेवटची क्लिप दाबली.

त्यानंतर

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मधला उन्हाळाही त्यात येऊन गेला. व्हेंट मान टाकत नाही. तारेची खुंटी टिकली आहे. तिच्या बाजूला खटका जरा जड लागतो, पण ते फक्त मला कळतं. गोंदाची एक पांढरट रेघ चौकटीच्या कोपऱ्यात अजून आहे, ऊन तिरपं आलं की दिसते.

भावाच्या गाडीत गोल व्हेंट आहेत, डोळ्याच्या बुबुळासारखे फिरणारे. त्याचाही एक ढिला झाला म्हणून त्याने मला बोलावलं. आता मी तज्ज्ञ! त्यात पट्ट्या नाही, अख्खा गोलाच सैल होतो. तो बोटांनी धरून ओढला की निघाला, क्लिप नाही, स्क्रू नाही. कडेच्या दोन खुंट्यांवर टेफ्लॉन लावून फरक पडला नाही, कारण तिथे गोलाकार पृष्ठभाग कड्याला घासून पकड येत होती. खुर्चीच्या पायाखाली लावतात त्या फेल्टची पातळ पट्टी कापून कड्याच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी लावली. वीस मिनिटांत काम झालं. फेल्टच्या मागचा डिंक उन्हात किती टिकतो ते बघायचं; मी त्याला सांगून ठेवलंय की सुटलं तर मला बोलावू नकोस, स्वतः लाव.

मोबाइलचा होल्डर आता मी व्हेंटला लावत नाही. डॅशबोर्डवर चिकटणारा आणला. गेल्या आठवड्यात कडक उन्हात त्याचा डिंक सुटला आणि वळणावर फोनसकट तो बाबांच्या मांडीवर येऊन पडला. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खिशात हात घातला.

"पावती नको," मी म्हटलं.

"नाही गं, रुमाल काढतोय."